कोऱ्या तारखांचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार
आधी दुरुस्ती. परवा लिहिलं होतं, फेब्रुवारीत विमा कार्यालयाने आमच्या दुकानाचं एकही प्रिस्क्रिप्शन परत पाठवलं नाही. चूक. अकरा पाठवली. रोजनिशीत तरी खरं असावं. कारण एकच: डॉक्टरांनी तारीख घातलेली नाही. औषध पेशंट नेतो, पैसे विमा कार्यालय देतं, तारीख नसेल तर देत नाही. म्हणजे चूक डॉक्टरांची. संकल्प: आजपासून इथून अपुरा कागद जाणार नाही.

४ मार्च, बुधवार
बाबा म्हणाले, तारीख नसेल तर कागद दवाखान्यात परत पाठवायचा, आपण पेन लावायचं नाही. बाबा जुन्या वळणाचे. दम्याचा पंप न्यायला आलेल्या आजींना धापा टाकत परत पाठवू? तारीख मीच घातली. मनाने नाही, त्यांना विचारून. त्या म्हणाल्या, सोमवारी गेले असेन, नाहीतर आदल्या दिवशी. रविवारी दवाखाना बंद, म्हणून सोमवार. मी सगळं पडताळून घेते.

६ मार्च, शुक्रवार
आज चौदा तारखा. शाई डॉक्टरांच्या शाईशी जुळवून. काउंटरवरून आत्याने विचारलं, एवढी पेनं कशाला गं, चित्रकलेची परीक्षा आहे का?

११ मार्च, बुधवार
आठवडाभर एकही कागद परत नाही. विमा कार्यालयाचा फोनही नाही. फोन चालू आहे का, दोनदा पाहिलं. चालू आहे.

१२ मार्च, गुरुवार
पत्र आलं. बाबांच्या नावे, कारण परवाना त्यांचा. मार्चमधली सगळी मूळ प्रिस्क्रिप्शनं काढून ठेवा, सोमवारी सोळा तारखेला सकाळी अकराला दोन अधिकारी येतील. आदर्श दुकान म्हणून निवड झाली असणार. बाबांना तसं म्हटलं. हसले नाहीत. पत्र तीनदा वाचलं, 'अभिनंदन' सापडलं नाही. दुसऱ्या पानावर असेल. दुसरं पान नाही.

१३ मार्च, शुक्रवार
दवाखान्यातली नर्स सांगून गेली: अधिकारी तिकडे येऊन गेले. आम्ही पाठवलेल्या प्रतींवरची एकेक तारीख दाखवून डॉक्टरांना विचारत होते, ही तुमची का? डॉक्टर म्हणाले, नाही, हे अक्षर मेडिकलवाल्यांचं. म्हणजे बाबांचं. शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला बाटल्यांच्या लेबलांवर आकडे गिरवायला लावले; आमचे दोघांचे आकडे एका साच्यातले. आत्या म्हणाली, दादा, परवाना गेला तर? बाबा म्हणाले, मी काही केलेलं नाही, मग भ्यायचं कशाला? आत्या म्हणाली, मग जेव तरी. जेवले नाहीत.

१४ मार्च, शनिवार
बाबांना सांगायचं ठरवलं. सकाळी त्यांचं बीपी वाढलेलं. दुपारी गिऱ्हाईक. संध्याकाळी ते फायलींवरची धूळ पुसत होते. अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही.

१५ मार्च, रविवार
बाबांनी उद्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री केला. मग विचारलं, तुझ्याकडून काही राहिलं नाही ना? म्हटलं, काही नाही. यात खोटं नाही. एकही तारीख राहिलेली नाही.
त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, उद्या तू माझ्या शेजारीच बस, तुला सगळं पाठ असतं.
आता मात्र पक्कं. सगळं सांगणार, पेनांसकट. फक्त उद्या अधिकारी समोर असताना बाबांच्या जिवाला घोर नको.
मंगळवारी, सतरा तारखेला.