शस्त्रक्रियेआधी अर्जदारास तिची इच्छा विचारली जावी म्हणून

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, कुरणवाडी,
ता. जि. बीड.

अर्जदार : सौ. राजश्री नवनाथ जोगदंड, वय २८, शिक्षण बी.ए., रा. कुरणवाडी.

विषय : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्जदारास तिची इच्छा समक्ष विचारण्याबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राच्या सिस्टरांनी सव्वातीन वर्षांपूर्वी दिलेली तोंडी ताकीद. (लेखी पुरावा उपलब्ध नाही.)

महोदय,

१. अर्जदार तिची मुलगी मैत्री हिला दीड महिन्याच्या डोसासाठी आपल्या केंद्रात घेऊन आली होती. त्या दिवशी सिस्टरांनी आधी बाळाचे वजन केले आणि मग, कोणी सांगितले नसताना, अर्जदारासही काट्यावर उभे केले. काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. सिस्टर म्हणाल्या, "लेकराला पाजायचं म्हणून दोन घास जास्त खा. पण घरादाराचं उरलेलं पोटात ढकलू नको, बाई. तुझं पोट म्हंजे खरकट्याची बादली न्हाई." अर्जदार हसली. बी.ए. झालेल्या बाईला हे काय सांगतात, असे तिला वाटले. ही तिची चूक झाली व ती ती मान्य करते. आज रोजी अर्जदाराचे वजन एकशे चौदा किलो आहे. उंची पाच फूट एक इंच, म्हणजे होती तेवढीच आहे.

२. अर्जदाराच्या घरी बाईने शेवटी जेवायचे व टोपल्यात, पातेल्यात, लेकराच्या ताटलीत जे राहिले असेल ते संपवूनच भांडी घासायला घ्यायची, असा रिवाज आहे. याबद्दल सासूबाई सिंधुबाई यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या आणि खडी फोडणाऱ्या आईसोबत त्यांनी सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेले आहेत. टोपल्यात अर्धी भाकर राहिली तरी त्यांचा जीव खालीवर होतो. "टाकशील तर तोंड बघणार न्हाई तुझं," असे त्या म्हणतात, आणि अर्जदार टाकत नाही. आता शस्त्रक्रियेचे नाव काढल्यावर त्याच म्हणतात, "आगं, खाणं कमी कर की. चांगलं पोट कावून कापायलीस?" दोन्ही वाक्ये त्या मायेनेच बोलतात. अर्जदाराने कोणते पाळावे, हे त्यांनी सांगितलेले नाही.

३. शस्त्रक्रियेचा विचार साखर वाढल्यामुळे किंवा झोपेत श्वास अडकतो म्हणून आला, असे अर्जदाराने घरी सांगितले आहे. ते खरे असले तरी पूर्ण खरे नाही. दिवाळीनंतर अर्जदार मुलीला घेऊन मांजरसुंब्याला गाडीतून उतरली. रस्त्यापलीकडे फुगेवाला दिसताच मैत्री हात सोडून पळाली. समोरून ट्रक येत होता. अर्जदार चार पावले पळाली, पाचवे टाकता आले नाही. तिने हाक मारली, तर तीही नीट फुटली नाही. सीताफळे विकायला बसलेल्या एका बाईने पाटी सोडून मुलीला फ्रॉकला धरून मागे ओढले व ती अर्जदारास म्हणाली, "लेकरामागं पळता येईना तर हात कावून सोडलास गं?" ही हकिकत तिने आजवर कोणासही सांगितलेली नाही. आपण पहिले आहात.

४. त्यानंतर अर्जदार एकटीच छत्रपती संभाजीनगर येथील एका खाजगी दवाखान्यात जाऊन आली. तेथील डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले. जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरलेल्या भागात एका वेळी अर्धी-पाऊण वाटी अन्न मावते, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. साखर उतरेल, गुडघे हलके होतील, वर्षभरात पळताही येईल. जिवाला धोका थोडा आहे, पण आहे. आणि सवयी बदलल्या नाहीत तर वजन परत येते. एवढे सांगून त्यांनी काही शंका आहे का, असे विचारले. मागे खुर्च्यांवर नऊ माणसे बसलेली असल्याने अर्जदार नाही म्हणाली. वास्तविक तिच्या शंका पुढीलप्रमाणे होत्या :

(अ) शस्त्रक्रियेनंतर घरात उरलेल्या अन्नाची विल्हेवाट कोणी लावावी?

(आ) अर्ध्या वाटीत उठणारी सून रुसलेली नाही, असा दाखला सासूच्या नावे मिळतो काय?

(इ) सगळ्यांची जेवणे झाल्यावर अर्जदार भांड्यांपाशी बसून खाते. भूक असतेच असे नाही. पण दिवसभरात तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नाही. हा वेळ अर्ध्या वाटीत मावेल काय, व न मावल्यास तिने कोठे जाऊन बसावे?

५. सदर बाबतीत अर्जदाराने इतरांची मते घेतली. पती नवनाथ चाकणला कंपनीत असून महिन्यातून एकदा येतात. ते फोनवर म्हणाले, "तुला करावं वाटलं तर कर. नसंल वाटत तर नको करू." हे मत दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने त्याचा उपयोग करता आला नाही. पुन्हा विचारल्यावर हसून म्हणाले, "लई बारीक झालीस तर मी वळखू कसा तुला?" आणि शिफ्टची बेल झाली. हापशावरच्या बायकांनी, "पिच्चरमधी काम लागलं का काय राजश्रीला?" असे विचारले. माहेरी विचारण्यासारखे कोणी उरलेले नाही. अर्जदाराने मोबाईलवरही शोधले. शस्त्रक्रिया केलेल्या बायकांचे आधीचे व नंतरचे फोटो तेथे पुष्कळ आहेत, पण त्या दोन फोटोंच्या मधल्या दिवसांत त्यांच्याजवळ कोण होते, हे कोठेही दिलेले नाही.

६. आता मूळ मागणीकडे येते. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांची गर्भपिशवी काढण्याआधी सरकारी डॉक्टरांची परवानगी लागते. शेजारच्या दगडाबाईंच्या वेळी कागद भरून देण्यासाठी अर्जदार आपल्या केंद्रात आली होती. आपण नवऱ्याला, मुकादमाला व अर्जदारासही बाहेर काढून दार लोटले होते. दगडाबाई बाहेर आल्या त्या पायरीवर बसूनच राहिल्या. "इचारलं मला," म्हणाल्या. "तुझी सवताची मर्जी हाय का म्हून इचारलं. मलाच इचारलं." त्यांनी शस्त्रक्रिया केली नाही. पण अर्जदाराच्या ध्यानात ते राहिलेले नसून त्यांचे पायरीवर बसणे राहिलेले आहे.

अर्जदाराच्या शस्त्रक्रियेला अशी परवानगी लागत नाही, याची तिला कल्पना आहे. तरीही तीच रीत तिला लागू करावी, म्हणजे दार लोटून, समोर बसवून, एकदा विचारावे, अशी विनंती होती. परंतु शस्त्रक्रिया सोमवारी, दि. १५ रोजी असून आज शुक्रवार आहे. अर्ज आवक होऊन आपल्या टेबलावर येईपर्यंत ती तारीख निघून गेलेली असेल. करिता आपण विचारले आहे असे समजून अर्जदार आपले उत्तर येथेच लिहून देत आहे. होय, तिची स्वतःची मर्जी आहे. बारीक दिसण्यासाठी नाही. पाचवे पाऊल टाकता यावे म्हणून आहे. संमतिपत्रावर तिने सही केली आहे. नातेवाइकाच्या सहीसाठी पती रविवारी येतो म्हणाले आहेत.

अर्ज येथे संपत होता. परंतु काल दुपारी जेवणे झाल्यावर अर्जदाराने पातेल्यातली खिचडी पहिल्यांदाच तशीच ठेवली व सवय लागावी म्हणून ती उठून अंगणात गेली. परत येऊन पाहते तो मैत्री पातेल्यापाशी मांडी घालून बसलेली. पोट तट्ट फुगले होते, डोळ्यांत पाणी होते, तरी घास घेणे चालू होते. "आई, तू बारीक व्हय," म्हणाली. "मी संपविते." आजी शेजारी बसून कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. डॉक्टरांनी काढलेल्या चित्रात याचा इलाज नव्हता.

अर्जदार सोमवारपासून पाच दिवस दवाखान्यात राहील. त्या काळात मुलगी आजीजवळ आहे. तरी सिस्टरांना किंवा आशाताईंना एखाद्या दुपारी, जेवणाच्या वेळेला, तिच्याकडे पाठवावे. कोणी विचारल्यास डोसाचे कारण सांगावे. आजीस बोलू नये, त्या भोळ्या आहेत. मैत्रीचे वजन करू नये. तिच्या ताटलीत काही उरले आहे का, एवढे पाहावे, आणि ती ते तसेच ठेवून उठत असेल तर तिला उठू द्यावे.

आपल्या हद्दीत राहणारी,
(सही)
सौ. राजश्री नवनाथ जोगदंड
कुरणवाडी, दि. १२ डिसेंबर २०२५