सोप्या वाटेच्या टोकाची वही

हेल्लेवोग, शुक्रवार

प्रिय बोर्गहिल्डताई,

तुला आणि तुझ्या नव्या खुब्याला माझा नमस्कार. आता जिने चढतेस म्हणे. त्याचं श्रेय डॉक्टरांना, कारण तू त्यांचं एक ऐकलं नसशील. माझा गुडघा, पाठ आणि स्वभाव होते तसेच आहेत.

पत्र लिहायचं कारण, आपल्या गावाला वेड लागलंय. लहानपणी चुकलेल्या मेंढ्या शोधायला आपण दीपस्तंभाच्या टोकापर्यंत जायचो, आठवतं? त्या पायवाटेला आता हिरवा ठिपका फासून ‘सोपी’ अशी पाटी लावली आहे. निम्मी वाट समुद्राकाठून, निम्मी पाइनच्या रानातून, दलदलीवर फळ्या, चढाला दोर. आणि एवढ्याशा वाटेवर माणसं हिमालय सर करायला निघाल्यासारखी जातात. दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर थर्मास, संत्रं आणि जादा मोजे. गावात समोर आलं की स्वतःच्या बुटांकडे बघणारे हे लोक (यात पाद्रीबुवाही आले) रानात शिरले की दिसेल त्याला हसून ‘हाय’ करतात. रान संपलं की ओळखही संपली. टोकाला एक टपालपेटी ठोकली आहे, तीत वही. पोचेल त्याने तारीख घालून नाव लिहायचं, आणि पन्नास नोंदी झाल्या की भटकंती मंडळ एक मग देतं. (तुझी सून सिन्नवे त्याच मंडळाची चिटणीस आहे हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.) कॉफीचा मग, ताई. जसे काही आजवर आपण ओंजळीने पीत होतो.

आता टोर्लाइफचं ऐक. एकतीस वर्षं आम्ही एका फेरीबोटीवर, मी दोरावर, तो इंजिनात. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी नऊ वाजता धक्क्यावरच्या बाकावर कॉफी घेऊन बसायचो आणि नवा कप्तान बोट किती वाकडी लावतो ते बघायचो. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही. एप्रिलमध्ये हे महाशय हातात काठ्या घेऊन उभे. “मी चाललो टोकाला. येतोस?” मी म्हटलं, मेंढी हरवली असेल तर येतो. तो गेला, दुसऱ्या दिवशीही गेला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आता एकटाच बसून कप्तानाला नावं ठेवतो, पण ऐकायला कोणी नसलं की त्यात काडीची मजा नाही.

मग दुकानात कळलं की टोर्लाइफच्या चाळीसवर नोंदी झाल्या. इंजिनातून वर येताना तीनदा टेकणारा माणूस चाळीसदा टोकाला जाईल? एका खेपेत दहा तारखा टाकत असणार. ही लबाडी डोळ्यांनी बघावी म्हणून काल मी स्वतः निघालो.

सोप्या वाटेची तिसरी फळी ओली होती. माझा एक पाय गुडघ्यापर्यंत दलदलीत गेला आणि बुटाशिवाय परत आला. तेवढ्यात तीन बायका ‘हाय’ करत आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या. वही तपासायला चाललोय असं कसं सांगणार? मेंढी हरवली आहे म्हणालो. त्या भल्या बायांनी पाऊण तास रान पालथं घातलं आणि मेंढी शोधून आणली. कुणाची कोण जाणे. शिंगाला मफलर बांधून त्यांनी ती माझ्या हाती दिली. नको कसं म्हणू?

तर मी एका बुटाने, मेंढीसकट, टोकाला पोचलो. वही उघडली. टोर्लाइफचं नाव, खाली माझं. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. एक्केचाळीस वेळा, त्याच्याच अक्षरात. माझं डोकंच फिरलं. एवढ्यात धापा टाकत तो स्वतः आला. बूट पाहिला, मेंढी पाहिली.

“सापडली तर,” म्हणाला.

माझं नाव का लिहितोस, मी विचारलं.

“बोटीच्या वहीत तुझं नाव कोण लिहायचं? एकतीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप जातो. आणि येणार होतासच की तू. वेळेवर कधी आलायस आजपर्यंत?”

त्याने अर्धं संत्रं दिलं. आम्ही तासभर बसलो. तिथून बोट धक्क्याला लागताना दिसते, आणि ती किती वाकडी लागते हे बाकापेक्षा स्पष्ट दिसतं.

बाकी ही सोपी वाट म्हणजे शुद्ध थोतांड. शहाण्या माणसाने तिकडे फिरकू नये.

तुझा धाकटा भाऊ,
आर्नफिन

ता.क. दाजींचे जुने बूट पडून असतील तर लगेच पाठव. महिनाअखेर वही बंद होते आणि कालची धरून आमच्या आठ नोंदी राहिल्यात.

ता.क. २. खरं काम हे. काल निघण्याआधी मी मंडळाला निनावी पत्र टाकलं, टोर्लाइफ खोट्या तारखा टाकतो असं. मंडळाचं टपाल तुमच्याच घरी येतं आणि सिन्नवे ते सोमवारी फोडते. निळं पाकीट आहे, त्याआधी काढून घे. (फोन केला असता, पण तो तीच उचलते. म्हणून हे पत्र त्या कप्तानाच्या हाती देतोय. त्याने बोट वाकडी लावली तरी चालेल, आज पोचव म्हणावं.)

ता.क. ३. पाकीट फुटलंच, तर तक्रार कुणाची ते टोर्लाइफला कळू देऊ नकोस. कळलंच, तर सांग की म्हातारा बाकावर एकटा पडला होता. ते खोटं नाही.