कुंडलिकच्या सेटवरचा भुंगा

१२ सप्टेंबर, भिगवण
संकल्प : वायरलेसच्या जुन्या सेटना टोन एन्कोडर स्वतः बनवायचा. एक सेट माझा, एक मेव्हण्याचा, म्हणजे कुंडलिकचा. त्याची होडी उजनीच्या पाण्यात आत गेली की मोबाईलला रेंज नसते. बारामतीकडच्या डोंगरावर आमच्या हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या, क्लबचा रिपीटर आहे. तो आवाज लांब पोचवतो, पण सेटनं खर्जातला एक ठरावीक सूर दिल्याशिवाय उघडत नाही; तो सूर काढतो टोन एन्कोडर. एक आयसी, मूठभर पार्ट. सोपं आहे. (हॅमची परीक्षा कुंडलिक पहिल्या फटक्यात पास, मी तिसऱ्या. माझा अभ्यास खोल.)

१५ सप्टेंबर
आयसी उलटा बसला. जळला. दुकानदारानं सांगायला हवं होतं. बायको, माधवी, म्हणाली, तयार मिळत असेल तर आणा. तिला निर्मितीचा आनंद कळत नाही.

१९ सप्टेंबर
रिपीटर उघडला. मी उघडला. क्लबच्या संघपाल सरांचा फोन : टोन अगदी हळू ठेवा, नाहीतर बोलणं दबेल. सरांना फिल्डचा अनुभव कमी. कुंडलिकच्या सेटला टोन फुल ठेवला. माणूस पाण्यात असताना कंजूषपणा कशाला? बोलून बघायचं राहिलं, पण तत्त्व सिद्ध झालंय.

२१ सप्टेंबर, दुपार
कुंडलिक जाळी काढायला गेलाय. वारा सुटलाय. माझ्या सेटवर शब्द नाही, नुसता घूंऽऽ असा भुंगा. म्हणजे टोन उत्तम.

थोड्या वेळानं
भुंगा चालूच. स्पष्ट बोल म्हणून सांगितलं. पुन्हा भुंगा. माधवी म्हणाली, तो काहीतरी सांगतोय हो. मी म्हटलं, टेस्टिंग करतोय. ती धावत सर्जेरावांकडं गेली, त्यांची इंजिनची होडी आहे. उगाच घाबरते.

संध्याकाळ
भुंगा एकदम थांबला. सेट कानाला लावून बसलोय, चहाही राहिला. त्याची बॅटरी संपली असेल.

२२ सप्टेंबर
सापडला. होडी उलटली होती, रिकामा कॅन धरून तरंगत होता. सर्जेरावांनी ओढून घेतला. संघपाल सर म्हणाले, बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांना भुंगा ऐकू आला, शब्द एकही नाही. म्हणजे रेंज चांगली मिळाली.

२४ सप्टेंबर
कुंडलिकला विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतास. म्हणाला, आधी होडीत पाणी शिरतंय ते सांगितलं. तुम्ही नुसतं स्पष्ट बोल म्हणत होता, वाटलं आता काय वाचत नाही, मग आईचं सांगितलं, ताईचं सांगितलं. शेवटी तुमचं बी, दाजी.
माझं काय, म्हटलं.
म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आता न्हाय यायचं त्ये तोंडातनं."