न केलेली सही

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदाच मी तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे.

अजून डोळ्यांपुढे आहे: कचेरीतून येऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी बसता, आई भाकरी थापते आहे, आणि तुम्ही दादाला आणि मला संपाची गोष्ट सांगता. संप मिटल्यावर साहेबांनी सगळ्या कारकुनांकडून सरकारशी एकनिष्ठ राहण्याचं हमीपत्र लिहून घेतलं. बेचाळीस जणांनी सह्या केल्या, फक्त तुम्ही केली नाहीत. म्हणून बढती कायमची हुकली. आई पाठमोरीच असायची. सातवीत बाईंनी अख्ख्या वर्गाच्या माफीपत्रावर सह्या घेतल्या. माझी चूक नव्हती, तरी मी सही केली. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "जे मनात नाही, त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं नाही."

ते मी इथवर, परदेशात घेऊन आले. इथल्या पॅरामॅटा शहरातल्या एका सरकारी खात्यात मला कायमची नोकरी मिळत होती. कागदांत एक जुनी शपथ होती, राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची. नागरिकत्व घेताना या देशाशी, इथल्या लोकांशी निष्ठेची शपथ मी आनंदाने घेतली होती. राणीची घेववेना. मॅनेजर म्हणाली, "इट्स जस्ट अ फॉर्म, मेट." नवरा म्हणाला, "अगं, करून टाक सही. राणी काय बघायला येणारे?" मी केली नाही. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली. लॉकडाउनमध्ये खात्याने माणसं कमी केली, तेव्हा कॉन्ट्रॅक्टवाले आधी गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी नोकरी गेल्याचा तो कॉल घेतला, पंधरा मिनिटांत संपला. दोन महिन्यांनी मॅनेजरचाच मेसेज आला, की ती शपथ कालबाह्य म्हणून रद्द झाली. वाचून हसू आलं. तरी मान ताठ होती, तुमच्यामुळे.

मग दादाने, तिकडे घरात अडकलेला असताना, तुमची ट्रंक आवरली आणि त्यात सापडलेल्या हमीपत्राच्या नकलेचा फोटो पाठवला. त्रेचाळीस सह्या. पहिली तुमची.

मी आईला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी केली त्यांनी. घाबरले होते."

"मग बढती?"

"खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. पोरांपुढे काहीतरी सांगायला हवं होतं ना."

घाबरलात याचा राग नाही, बाबा. दोन लहान मुलं घरात असताना कुणीही घाबरेल. पण स्वतः सही करून आलेला माणूस सातवीतल्या मुलीशी दोन दिवस अबोला कसा धरू शकतो? मी तुमच्यासारखं वागायला गेले, आणि तुम्ही तसे नव्हतातच. हे कुणाला विचारू? पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय.

गेल्या आठवड्यात लेकीला ऑनलाइन शाळेत घरातल्या एका धाडसी माणसावर बोलायचं होतं. तिने तुम्हाला निवडलं. कॅमेरा सुरू करण्याआधी माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आजोबा वॉज द ओन्ली वन, राइट?"

मी हो म्हटलं.