चौथ्या सामन्यातल्या अम्मा

विशाखापट्टणम

ती. अप्पा,
तुम्हाला अन् अव्वाला मंजुषाचे शरणार्थ.

मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे, भात तेवढा लई असतो. पुढचं फोनवर बोलले नाही, कारण आवाजावरनं तुम्ही लगेच ओळखता.

पहिल्या तीन सामन्यांत मिळून माझे पाचच गुण झाले. तिकडं शिरूरच्या स्टँडवर गावानं माझा बॅनर लावलाय, अन् इथं मी सोपे बॉलसुद्धा रिंगवर आपटून राहिले होते. कोच म्हणाले, "अजून एकच सामना देतो."

इथले लोक तेलुगूत ओरडतात. बाकी पोरींना कळत नाही, पण अव्वाचं माहेर देगलूरचं, घरात तेलुगू ऐकतच वाढले, मला सगळंच कळतं! परवा चौथ्या सामन्याला पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या अम्मा सारख्या ओरडत होत्या, "एवढी उंच पोरगी, एक तरी टाक की!" फ्री थ्रोला उभी राहिले अन् मीच तेलुगूत म्हणाले, "कोंचेम आगंडम्मा, वेस्ता!" म्हणजे, जरा थांबा, टाकते. सगळा हॉल हसला. मलाही हसू आलं. हात मोकळा झाला अन् बॉल आत! मग बॉल आत पडतच गेले, अप्पा. बावीस गुण केले. आम्ही जिंकलो.

तुमचा गुडघा कसा आहे? सोयाबीन काढून झालं का?

अम्मा बाहेर थांबल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या सामन्यालाबी ओरडू का?"

मी म्हटलं, "ओरडा, पण माझं नाव घेऊन."

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या माझं नाव तीनदा घोकलं.

तुमची,
मंजुषा