चुन्याखालची वेल

३ मार्च
तर ही ती मशीद! घुमटाला तडा, चुन्याची पुटं चढून चढून कोपरे गोल झालेले. कमिटीचे अध्यक्ष पहिल्याच भेटीत गुरगुरले — "बाई, डागडुजी कसली करता? पाडायची आणि मोठी बांधायची!" इमामसाहेब मात्र गोड माणूस. चहा पाजला, वर चढताना शिडीही धरली. एक शत्रू, एक मित्र. सोपं आहे.

७ मार्च
मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच्यावरचा चुना खरवडतेय. आज नखाएवढं निळं दिसलं. ओरडलेच! मग आठवलं — आपण मशिदीत आहोत.

८ मार्च
मान धरलीय. पण नखाचं पान झालं!

१३ मार्च
अख्खी वेल निघाली! शतकानुशतकं चुन्याखाली झोपली होती, पण रंग कसा टवटवीत! अध्यक्ष येऊन चष्मा पुसून पुसून बघत राहिले. 
आईचा फोन — "एवढी शिकलीस ती भिंती खरवडायला?" हो गं आई. तीही आनंदाने!

१८ मार्च
कमिटीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, "राखायची. हे पाडून वर गेल्यावर काय तोंड दाखवू?" मी मनात टाळ्या पिटतेय, तोवर माझे इमामसाहेब — "पाडा."
मग कारणही त्यांनीच सांगितलं —
"शुक्रवारी निम्मे लोक रस्त्यावर, उन्हात. परवा एक आजोबा चक्कर येऊन कोसळले. त्यांना काय सांगू — आत वेल सुंदर आहे म्हणून?"
एका मताच्या फरकाने मशीद वाचली. जिंकले म्हणे मी! पण त्यांचं काय चुकलं?

१९ मार्च
सकाळीच टेप घेऊन मशीद पालथी घातली. बाजूची एक भिंत अगदी अलीकडची, विटांची! ती काढली तर पलीकडची जागा मिळते, सगळे सावलीत येतात, जुन्या दगडाला धक्काही नाही. धावत इमामसाहेबांकडे गेले. ते हसले — "पलीकडे गोदाम कुणाचं आहे, माहीत आहे ना?"
अध्यक्षांचं. बोंबला!
तरी जाऊन विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

२२ मार्च
सकाळी गोदामाशी ट्रक. माल बाहेर निघत होता. अध्यक्षांनी इमामसाहेबांच्या हातात पहार ठेवली — "घ्या. तुम्हालाच पाडायचं होतं ना? घाला पहिला घाव!"