सुभेदाराचा जुळा भाऊ

दुबई, फेब्रुवारी १९६४

आदरणीय मामू,

सलाम. तुमचं गुडघ्याचं दुखणं उतारावर असेल आणि मामीनं अजून तुमची बिडी बंद केली नसेल, अशी उमेद धरतो. इकडे माझी तब्येत उत्तम (फक्त घसा पार बसलाय, त्याचीच हकीकत कळवतो).

गेल्या जुम्म्याला मगरिबच्या नमाजानंतर खैरुद्दीन सेठच्या वखारीपुढे सिनेमा होता. सेठ म्हणजे आपल्याच दाभोळचे, इथे लाकडाचा व्यापार करतात. सिनेमा तीसेक वर्षं जुना, इंग्रजी बोलपट. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला घोडेस्वार तलवारीनं एका जुलमी सुभेदाराची खोड मोडतो, अशी गोष्ट. पुरुष खाली वाळूवर, बायका गच्चीवर. खाली इंग्रजी कुणालाच कळेना, तेव्हा सेठ म्हणाले, "हनीफ, तू ऑफिसात इंग्रजी टाइप करतोस ना? यल्ला, चल, उभा राहा आणि सांग." टाइप करणं आणि कळणं यांत किती अंतर आहे, हे चारचौघांत कसं सांगणार? राहिलो उभा.

सुरुवात झकास झाली. घोडेस्वार तोंड उघडायचा, मी हिंदीत गर्जायचो. (एकदा तो घोड्याशी बोलत होता, हे मला उशिरा कळलं. तोवर मी सुभेदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.) मग त्यानं सुभेदाराला आडवा केला, टाळ्या पडल्या, आणि लगेच सुभेदार कोंबडी खात बसलेला! पब्लिक खवळलं. मी ओरडलो, "ये उसका जुड़वाँ भाई है!" सगळ्यांना पटलं. तेवढ्यात गच्चीवरून एका मुलीचा आवाज आला, "कसला जुळा भाऊ? मशीनवाल्यानं शेवटचं रीळ आधी लावलंय! आणि मघाशी तो त्या बाईची माफी मागत होता. तुम्ही 'तेरे बाप को काट डालूँगा' काय सांगितलंत?"

ही सेठची लेक बिलकीस, मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकून आलेली. माझे कान तापले. पळावं तर पुढे पडदा, मागे पब्लिक. मी वर बघून म्हणालो, "मग तुम्हीच सांगा, मी नुसता ओरडतो." आणि तिनं खरंच सांगितलं! ती वरून मराठीत अर्थ सांगायची, मी खाली हिंदीत बोंबलायचो. काय रंगला म्हणता सिनेमा! पण पब्लिक काही जुळ्या भावाला सोडेना. मशीनवाल्या मुश्ताकनं शेवटचं रीळ पुन्हा लावलं, सुभेदार दुसऱ्यांदा मेला, तेव्हा एक पठाण उठून म्हणाला, "अब दोनों भाई खलास!" सेठ हसता हसता खुर्चीवरून घसरले. गच्चीवर सर्वांत मोठ्यानं कोण हसलं, तेही मला ऐकू आलं.

मामीला सलाम, पोरांना दुआ.

तुमचा भाचा,
हनीफ

ता. क. सेठ पुढच्या महिन्यात गावी येताहेत, बिलकीसचं लग्न जमवायला. तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. ते दुसरीकडे बोलायच्या आत माझ्यासाठी शब्द टाका. तिची मर्जी शेजारच्या खतीजाचाचीनं विचारून घेतलीय. बिलकीस म्हणाली, "आवाज बरा आहे, इंग्रजी मी शिकवीन."

आणखी एक. मुलगा खोटं बोलतो का, असं सेठनी विचारलं तर "फक्त सिनेमात" म्हणा. (मी ऑफिसात हेडक्लार्क आहे असं त्यांना वाटतं. मीच सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या.)